हृदयाचें छिद्र आणि तारेचें ठिगळ

आभाळच फाटलें तर ठिगळ कोठें लावावयाचें, असें आपल्याकडे म्हणतात. मुलाच्या हृदयाला भोंक आहे, असें डॉक्टरांच्या तोंडून प्रथम ऐकणाऱ्या आईबापांची मनःस्थिति याहून निराळी नसते. ज्या हृदयावर जीविताची सारी भिस्त, त्यालाच छिद्र! मग उरलें काय? परंतु या आभाळालाही ठिगळ लावतां येतें. इतकेंच नव्हे, तर पुष्कळदां छातीला सुरी न लावतां, मांडीच्या शिरेंतून एक बारीक नळी आंत नेऊन लावतां येतें. हें कसें साधलें, कोणास लाभतें आणि कोणास लाभत नाहीं, याची माहिती प्रत्येक सुशिक्षित घरांत असणें अगत्याचें आहे. कारण या रोगांत भीतीनें जेवढें नुकसान होतें, तेवढेंच बेफिकिरीनेंही होतें.

हृदय हा चार कप्प्यांचा पंप आहे. वरच्या दोन कप्प्यांना कर्णिका व खालच्या दोहोंना जवनिका म्हणतात. सर्व शरीरांतून परत आलेलें अशुद्ध रक्त उजव्या बाजूस येतें व तेथून फुप्फुसांत जातें. फुप्फुसांत शुद्ध झालेलें रक्त डाव्या बाजूस येतें व तेथून शरीरभर पाठविलें जातें. या दोन बाजूंमधील पडदा म्हणजे एका वाड्यांत दोन बिऱ्हाडें वेगळीं राखणारी भिंतच होय. ही भिंत वरच्या दोन कप्प्यांच्या मध्यें अपुरी राहिली म्हणजे जें छिद्र उरतें, त्याचाच विचार येथें मुख्यतः करावयाचा आहे.

नवल असें कीं, जन्मापूर्वीं या भिंतींत वाट असणें हेंच आरोग्याचें लक्षण असतें. गर्भाचीं फुप्फुसें श्वास घेत नाहींत. प्राणवायु त्याला आईच्या रक्तांतून वारेच्या द्वारें मिळतो. म्हणून वारेकडून आलेलें रक्त फुप्फुसांचा वळसा न घेतां उजव्या कर्णिकेंतून सरळ डाव्या कर्णिकेंत जावें, अशी सोय निसर्गानें केलेली असते. तेथें एक पातळ झडप असते. बालकानें पहिला श्वास घेतला कीं डाव्या बाजूचा दाब वाढतो, झडप भिंतीला चिकटून बसते आणि पुढें कांहीं महिन्यांत बहुधा कायमची जडून जाते. सुमारें चारांपैकीं एका माणसांत ती पुरती जडत नाहीं. पण ती केवळ न लावलेली कडी होय, भिंतींतील भगदाड नव्हे. खरें छिद्र निराळें. त्यांत भिंतीचा कांहीं भाग मुळीं तयारच झालेला नसतो. जन्मतः हृदयांत दोष असणारीं मुलें दर हजारीं सुमारें आठ असतात, आणि कर्णिकांमधील छिद्र हा त्या दोषांतील नेहमीं आढळणारा एक प्रकार आहे. मुलग्यांपेक्षां मुलींत तो सुमारें दुपटीनें आढळतो.

अशा छिद्रानें होतें काय? डाव्या बाजूचा दाब किंचित् अधिक असल्यामुळें शुद्ध झालेलें रक्त शरीराकडे जाण्याऐवजीं छिद्रांतून उजवीकडे येतें आणि पुन्हां फुप्फुसांत जातें. छिद्र मोठें असेल तर शरीराला जेवढें रक्त मिळतें, त्याच्या दुप्पट-तिप्पट रक्त फुप्फुसांतून फिरत राहतें. एकदां दळलेलें पीठ पुन्हां जात्यांत घालावें, तसा हा व्यर्थ उद्योग उजवी बाजू जन्मभर करीत असते. तरीही मूल निळें पडत नाहीं. तें खेळतें, शाळेंत जातें. फार तर तें इतरांपेक्षां लवकर दमतें किंवा त्याला छातीचा खोकला वारंवार होतो. छिद्रांतून वाहणारें रक्त आवाजदेखील करीत नाहीं. डॉक्टरांच्या नळीला जो अस्पष्ट ध्वनि ऐकूं येतो, तो फुप्फुसांकडील झडपेंतून जाणाऱ्या जादा रक्ताचा असतो. म्हणूनच हा दोष कित्येकदां तिशी-चाळिशीपर्यंत लपून राहतो. मग जिना चढतांना धाप लागूं लागते, नाडी अनियमित होते, पाय सुजतात. कांहीं थोड्यांच्या फुप्फुसांतील रक्तवाहिन्या या जादा भारानें जाड व कठीण होतात, दाब उलटतो आणि अशुद्ध रक्त डाव्या बाजूस येऊं लागतें. व्हिएन्नाच्या व्हिक्टर आयझेनमेंगर यानें १८९७ सालीं जिचें वर्णन केलें ती अवस्था हीच. ती एकदां पूर्णपणें आली म्हणजे छिद्र बुजविण्याची वेळ निघून गेलेली असते.

छिद्र बुजविण्याचा पहिला यशस्वी मार्ग अर्थातच शस्त्रक्रियेचा होता. अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांत जॉन लुइस यानें २ सप्टेंबर १९५२ रोजीं एका पांच वर्षांच्या मुलीचें शरीर थंड करून, रक्ताचा प्रवाह सुमारें साडेपांच मिनिटें थांबवून, उघड्या हृदयांतील छिद्र शिवलें. पुढच्याच वर्षीं, ६ मे १९५३ रोजीं, फिलाडेल्फिया येथें जॉन गिबन यानें हृदय व फुप्फुसें यांचें काम करणाऱ्या यंत्राच्या साहाय्यानें अठरा वर्षांच्या एका तरुणीचें असेंच छिद्र बंद केलें. या शस्त्रक्रियेनें असंख्य माणसें वांचलीं, आणि आजही तिचें महत्त्व कमी झालेलें नाहीं. परंतु तिच्यासाठीं छातीचें हाड कापावें लागतें, हृदय थांबवावें लागतें, आणि छातीवरील व्रण जन्मभर सोबत करतो.

दुसऱ्या मार्गाचें बीज त्याही आधीं पेरलें गेलें होतें. जर्मनींत बर्लिनजवळच्या एबर्सवाल्ड गांवीं १९२९ सालीं वेर्नर फोर्समान नांवाचा पंचवीस वर्षांचा डॉक्टर होता. शिरेंतून नळी घातली तर ती जिवंत माणसाच्या हृदयापर्यंत सुखरूप पोंचेल, अशी त्याची खात्री होती. वरिष्ठांनीं परवानगी नाकारली. तेव्हां त्यानें मूत्रमार्गासाठीं वापरावयाची लवचिक नळी आपल्याच दंडाच्या शिरेंत ६५ सेंटिमीटरपर्यंत सारली, आणि तशा स्थितींत क्ष-किरणांच्या खोलीपर्यंत चालत जाऊन हृदयांत पोंचलेल्या नळीचें छायाचित्र घेवविलें. त्या वेळीं त्याच्या पदरीं मान कमी आणि उपहासच अधिक आला. तो मूत्ररोगांच्या चिकित्सेकडे वळला. सत्तावीस वर्षांनीं, १९५६ सालीं, त्याला दोघां अमेरिकन संशोधकांबरोबर नोबेल पारितोषिक मिळालें. वाट मोकळी झाली होती. परंतु तिच्यावरून हृदयांत जाऊन दुरुस्ती करावी, ही कल्पना यावयास आणखी अवधि होता.

ती कल्पना प्रथम मनुष्याच्या बाबतींत खरी केली ती न्यू ऑर्लीन्स येथील हृदयरोगतज्ज्ञ टेरी किंग आणि शल्यचिकित्सक नोएल मिल्स यांनीं. त्यांनीं पोलादी काड्या व डॅक्रॉन कापड यांच्या दोन चिमुकल्या छत्र्या बनविल्या. मिटलेल्या छत्र्या नळींतून न्यावयाच्या, एक भिंतीच्या डाव्या अंगास व दुसरी उजव्या अंगास उघडावयाची, आणि दोन्ही एकमेकींत अडकवून टाकावयाच्या. कुत्र्यांवर प्रयोग करून झाल्यावर १९७५ सालीं एका सतरा वर्षांच्या मुलीवर हा उपाय करण्यांत आला व तो साधला. छाती न उघडतां हृदयाचें छिद्र बंद झाल्याचें हें पहिलें उदाहरण होय. तरीही उपाय लगेच रूढ झाला नाहीं. साधन अवजड होतें, नळी जाड होती, आणि छत्री एकदां उघडली म्हणजे चुकीची जागा सुधारणें कठीण होतें.

पुढची वीस वर्षें अनेक कल्पक माणसांनीं निरनिराळे नमुने करून पाहिले. बॉस्टनच्या जेम्स लॉक यानें शिंपल्याच्या दोन पुडांसारखें मिटणारें साधन वापरलें. आरंभीं तें उत्तम वाटलें. पण त्याच्या धातूच्या काड्या मोडूं लागल्या व १९९१ सालीं तें मागें घ्यावें लागलें. यांत आश्चर्य वाटण्याजोगें कांहीं नाहीं. हृदय दिवसाकाठीं सुमारें एक लाख वेळां, म्हणजे वर्षाला साडेतीन कोटींहून अधिक वेळां आकुंचन पावतें. प्रत्येक ठोक्याला किंचित् वांकणारी काडी वर्षानुवर्षें टिकावी, ही अपेक्षा साध्या पोलादाकडून पुरी होण्यासारखी नव्हती.

ती अपेक्षा पुरी करणारा धातु अगदीं निराळ्या कामासाठीं जन्मास आला होता. अमेरिकेच्या नौदलाच्या शस्त्रास्त्र-प्रयोगशाळेंत विल्यम ब्यूलर हा उष्णतेला टिकणाऱ्या मिश्रधातूंचा शोध करीत असतां त्याला निकेल व टायटॅनियम यांचा एक विलक्षण मिश्रधातु सांपडला. पुढें एका बैठकींत या धातूची घड्या घातलेली पट्टी हातोहात फिरत होती; कोणीं तिला सहज पाइप पेटविण्याची ज्योत दाखविली, तों ती पट्टी ताणून सरळ झाली! आपला मूळ आकार स्मरणारा हा धातु निटिनॉल या नांवानें प्रसिद्ध झाला. दोन धातु व ती प्रयोगशाळा यांच्या आद्याक्षरांतून हें नांव बनलें आहे. त्याची बारीक तार कितीही दाबली, ताणली तरी सोडतांच पूर्वरूपास येते, आणि ती सहजासहजीं मोडत नाहीं.

या तारेचा उपयोग हृदयासाठीं करून घेतला कुर्ट आंप्लाट्झ यानें. हा मूळचा ऑस्ट्रियांतील. १९२४ सालीं जन्मलेला. मिनेसोटा विद्यापीठांत क्ष-किरणशास्त्राचा प्राध्यापक. त्यानें तारेची जाळी विणून तिला दोन चकत्या व त्यांना जोडणारी आंखूड कंबर असा आकार दिला. सदऱ्याच्या बाहीला लावण्याचें दुतोंडी बटण डोळ्यांसमोर आणलें, म्हणजे या साधनाची कल्पना येईल. कंबर छिद्रांत घट्ट बसते, चकत्या भिंतीला दोहों बाजूंनीं धरून ठेवतात, आणि जाळींत शिवलेलें पॉलिएस्टरचें कापड रक्ताला अडवितें. सप्टेंबर १९९५ मध्यें स्लोव्हाकियांतील ब्रातिस्लाव्हा येथें योझेफ माशुरा यानें हें साधन प्रथम रोग्याच्या हृदयांत बसविलें. अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्यानें डिसेंबर २००१ मध्यें त्याला मान्यता दिली. आंप्लाट्झ २०१९ सालीं वारला. तोंवर त्याच्या जाळीचा प्रसार जगभर झाला होता.

प्रत्यक्ष क्रिया कशी चालते, हें समजून घेण्यासारखें आहे. लहान मुलांना बहुधा पूर्ण भूल देतात. जांघेजवळच्या मोठ्या शिरेंत सुईनें वाट करून त्या वाटेनें नळी वर सारतात. ती पोटांतील महाशिरेंतून उजव्या कर्णिकेंत, तेथून छिद्रांतून डाव्या कर्णिकेंत जाते. अन्ननलिकेंत ठेवलेल्या ध्वनिलहरींच्या यंत्रानें हृदयाचें जिवंत चित्र पडद्यावर दिसत असतें, व क्ष-किरणांचीही मदत घेतात. पुष्कळ ठिकाणीं छिद्रांत एक मऊ फुगा किंचित् फुगवून, रक्ताची गळती थांबते त्या क्षणीं त्याची रुंदी मोजतात. त्या मापाची जाळी निवडावयाची. कमरेच्या रुंदीचीं मापें चार मिलिमीटरपासून सुमारें चाळीस मिलिमीटरपर्यंत मिळतात. मग जाळी ताणून नळींत भरतात. नळीचें टोंक डाव्या कर्णिकेंत असतांना पहिली चकती बाहेर उमलते. सर्व साधन हलकेंच मागें ओढतांच ती भिंतीला टेकते. नळी आणखी मागें घेतली कीं कंबर व दुसरी चकती उघडते.

यापुढचा क्षण सर्वांत महत्त्वाचा. जाळी अजून एका तारेच्या टोंकाला स्क्रूनें जोडलेली असते. डॉक्टर तिला पुढेंमागें हलवून पाहतात, शेजारच्या झडपांना धक्का लागत नाहीं ना, कडा नीट धरल्या आहेत ना, गळती राहिली नाहीं ना, हें निरखतात. समाधान झालें नाहीं तर जाळी पुन्हां नळींत ओढून घेतां येते. समाधान झालें, तरच तार उलटी फिरवून तिला मोकळी करतात. पूर्वींच्या छत्र्यांत जें नव्हतें तें हें पुनर्विचाराचें स्वातंत्र्य. या साधनाच्या यशाचें अर्धें मर्म यांतच आहे. रोगी बहुधा दुसऱ्या दिवशीं घरीं जातो. सुमारें सहा महिने रक्ताची गुठळी होऊं नये म्हणून ॲस्पिरिनसारखें औषध घ्यावें लागतें. तेवढ्या अवधींत हृदयाचें स्वतःचें अस्तर जाळीवर चढतें आणि परकें ठिगळ घरच्या भिंतींत मुरून जातें. मूल वाढलें म्हणून जाळी बदलावी लागत नाहीं.

शस्त्रक्रिया व जाळी यांची तुलना करणारा एक मोठा अभ्यास अमेरिकेंत २००२ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत ४४२ रोग्यांना जाळी बसविण्याचें ठरलें होतें व १५४ जणांवर शस्त्रक्रिया झाली. छिद्र बुजविण्याचें काम शस्त्रक्रियेनें शंभर टक्के, तर जाळीनें ९५.७ टक्के रोग्यांत साधलें. उलट, कांहींना कांहीं उपद्रव झाला तो शस्त्रक्रियेनंतर २४ टक्क्यांस व जाळीनंतर ७.२ टक्क्यांस. रुग्णालयांतील मुक्काम सरासरी ३.४ दिवसांऐवजीं एक दिवस झाला. मात्र कोणास कोणता उपाय, हें चिठ्ठ्या टाकून ठरविलेलें नव्हतें, आणि शस्त्रक्रियेच्या गटांतील मुलें वयानें लहान होतीं. तेव्हां या आंकड्यांतून जाळी प्रत्येकास श्रेष्ठ, असा अर्थ काढूं नये.

कारण प्रत्येक छिद्र जाळीच्या लायक नसतें. भिंतीच्या मध्यभागीं असलेल्या छिद्रालाच ती चालते. महाशिरेच्या तोंडाशीं असलेलीं किंवा झडपांलगत खालीं असलेलीं छिद्रें शस्त्रक्रियेनेंच बंद करावीं लागतात. छिद्राभोंवतीं पुरेशी कड नसेल, तर चकतीला धरावयास आधार उरत नाहीं. आणि फुप्फुसांतील दाब फार वाढून उलटला असेल, तर छिद्र बंद करणें हाच अपाय ठरतो. कारण त्या अवस्थेंत तें थकलेल्या उजव्या बाजूची वाफ सोडणारी झडप झालेलें असतें.

धोके अगदींच नाहींत, असेंही नाहीं. क्वचित् जाळी निसटून प्रवाहाबरोबर जाते. ती बहुधा नळीनेंच पकडून काढतां येते, कधीं शस्त्रक्रिया लागते. त्याहून विरळ, परंतु गंभीर धोका म्हणजे चकतीच्या कडेनें कर्णिकेची भिंत झिजून रक्त हृदयाच्या आवरणांत उतरणें. हजारांत सुमारें एक ते तिघांस असें होतें. बहुधा पहिल्या कांहीं दिवसांत, पण क्वचित् वर्षांनंतरही. म्हणून जाळी बसविलेल्या माणसाच्या छातींत एकाएकीं दुखूं लागलें, धाप लागली किंवा भोंवळ आली, तर अपचन समजून घरीं बसूं नये. ताबडतोब रुग्णालय गांठावें. ठरलेल्या तपासण्याही चुकवूं नयेत.

याच धर्तीचीं साधनें इतर छिद्रांसाठींही झालीं आहेत. जन्मानंतर आपोआप बंद व्हावयाची, पण उघडी राहिलेली दोन महारोहिण्यांमधील नळी पूर्वीं छाती उघडून बांधीत. आतां ती बहुधा जाळीच्या बुचानें बंद करतात. २०१९ सालीं अमेरिकेंत मान्य झालेलें एक बूच तर अवघ्या ७०० ग्रॅम वजनाच्या, अपुऱ्या दिवसांच्या बाळालाही बसवितां येतें. जवनिकांमधील छिद्रांचें काम अधिक नाजूक आहे. त्यांतील पुष्कळ लहान छिद्रें आपोआप मिटतात, तर कांहींच्या अगदीं शेजारून हृदयाच्या ठोक्यांचा संदेश नेणारे तंतु जातात. त्यांवर जाळीचा दाब पडला तर ठोक्यांची लय बिघडते.

आणि ती न लावलेली कडी? चारांपैकीं एकाला असणारी गोष्ट रोग कसा म्हणावा? बहुतेकांच्या बाबतींत तिला हात लावण्याचें कांहीं कारण नाहीं. परंतु साठीच्या आंतील एखाद्याला अन्य कोणतेंही कारण नसतां अर्धांगाचा झटका आला, तर शिरेंतील गुठळी या वाटेनें मेंदूकडे गेली असण्याचा संभव असतो. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच अभ्यासांत अशा निवडक रोग्यांपैकीं वाट बंद केलेल्या २३८ जणांत सुमारें पांच वर्षांत एकालाही पुन्हां झटका आला नाहीं. केवळ गुठळीविरोधी गोळ्या घेणाऱ्या २३५ जणांपैकीं १४ जणांस आला. उलट, अर्धशिशीसाठीं हीच वाट बंद करून पाहिली, तेव्हां २००८ सालच्या ब्रिटिश अभ्यासांत अपेक्षित लाभ दिसला नाहीं. उपाय हातीं आला म्हणजे रोग शोधीत हिंडण्याचा मोह होतो. तो आवरणें हेंही वैद्यकशास्त्रच होय.

राहतां राहिला घराचा प्रश्न. छिद्र आहे असें कळल्यावर उतावीळ होण्याचें कारण नसतें. लहान छिद्र अर्भकावस्थेंत आपोआप मिटूं शकतें, आणि मोठें असलें तरी मूल तीन-पांच वर्षांचें होईपर्यंत बहुधा थांबतां येतें. पण थांबणें निराळें आणि लपविणें निराळें. मुलीचें पुढें लग्न व्हावयाचें आहे, चार लोकांत वाच्यता नको, म्हणून कागद कपाटांत ठेवून देणारीं घरें आजही नाहींत असें नाहीं. हा दोष मुलींतच अधिक. आणि फुप्फुसांतील दाब नकळत वाढला असेल, तर बाळंतपण हा प्राणावरचा प्रसंग ठरतो. जी गोष्ट सहाव्या वर्षीं दोन दिवसांत निकालांत निघाली असती, ती सव्विसाव्या वर्षीं डॉक्टरांनाही हात टेकावयास लावते. मग लौकिक राखला तो कोणाचा?

२०१३ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ महाराष्ट्रांत पालघर येथेंच झाला. अंगणवाड्या व सरकारी शाळांतील मुलांची इतर दोषांबरोबर जन्मजात हृदयदोषासाठींही तपासणी करावी, हा त्याचा एक हेतु आहे. शहरांतील खासगी शाळांची मुलें या योजनेंत बहुधा येत नाहींत; त्यांची काळजी आईबापांनींच वाहावयाची असते. वारंवार छाती भरणारें, खेळांत मागें पडणारें किंवा ज्याच्या छातींत डॉक्टरांना एकदां कांहीं आवाज आला होता असें मूल घरांत असेल, तर ध्वनिलहरींची एक वेदनारहित तपासणी सारा संशय फेडते. बहुतेक वेळां कांहीं निघतही नाहीं. निघालेंच, तर ठिगळ तयार आहे. मात्र तें वेळेवर लावलें पाहिजे.